हाकेला ओ

ऊसतोडीहून परतलेली केसली वर्गात दाराशीच बसली. इतके महिने गैरहजर राहिल्यावर पटावरून आपलं नाव गेलंच असणार, अशी तिला धास्ती होती.

बाईंनी हजेरी सुरू केली. वर्गातला खेळ अजून तोच होता: 'हजर' म्हणायचं, पण आपल्या घरच्या भाषेत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी. नागोराव तेलुगूत म्हणाला, "उन्नानु." तेलुगू घरातली लक्ष्मी मराठीत ओरडली, "आले, आले!" केसलीच्या गोरमाटीला, बंजाऱ्यांच्या बोलीला, मात्र कुणी शिवलंसुद्धा नाही. तांड्यावरून येणारी ती एकटीच. आपल्यामागोमाग आपली बोलीही वर्गातून गेली, असं वाटून ती हातावरचे पाचटाचे ओरखडे खाजवत बसली.

"केसली राठोड!" मान वर न करताच बाईंनी सवयीने हाक दिली.

तिने तोंड उघडायच्या आत सगळा वर्ग गोरमाटीत ओरडला, "मं छू!"

"तू गेल्यापासून रोज तुझ्या बोलीत आम्हीच ओ देतो," लक्ष्मी म्हणाली. "बाईंना नाव गाळूच देत नाही."

बाई आता दाराकडे बघत होत्या. केसली उठून उभी राहिली आणि खेळाच्या नियमाने, लक्ष्मीच्या भाषेत म्हणाली, "उन्नानु."