उंब्रजच्या पुढे

मोटारमिस्त्री अर्जुनाने रेडिएटरखालची तोटी सोडली आणि अंगणातल्या फरशीवर पिवळंधमक पाणी पसरलं.

"आवं वकीलसायेब," गाडीखालून त्याचा आवाज आला, "इंजनाला हळद लागली की! लगीन कवा काढलंय?"

ओसरीवर उभे असलेले चिंतामणराव हसले नाहीत. त्यांची सून क्षमा बादली खाली ठेवून वाकली. पाण्याबरोबर हळदीचा दाट लगदा येत होता.

क्षमाला सांगलीच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली होती. अर्ज चिंतामणरावांनीच करायला लावला होता. "मला भात वाढण्यासाठी तू बी.एस्सी. झाली नाहीस," असं ते म्हणाले होते. दोनदा सामान बांधून दोघं साताऱ्याहून निघाली. दोन्ही वेळा उंब्रजला इंजिनातून वाफ उसळली आणि गाडी कशीबशी परत आणावी लागली. सर्व्हिस मोटारीने जाते म्हटलं, तर चिंतामणरावांनी ऐकलं नाही. "मधु असता तर त्याने तुला असं एकटं धाडलं असतं का?" मधु, तिचा नवरा, लढाईत ब्रह्मदेशात गेला तो परत आला नव्हता. आता शाळेचा निरोप आला होता. सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या बाईंना देऊ.

"हळद मी टाकली," चिंतामणराव म्हणाले. "रेडिएटर गळत होता. मोटार स्टँडवरचे ड्रायव्हर टाकतात. भोक बुजतं."

"टाकत्यात की. आमी पलटणीतबी टाकायचो, चिमूटभर." अर्जुना हात पुसत बाहेर आला. "पर गळत आसंल तर. दिवाळीत मी सवता कथलाचा डाग दिलाय त्येला. एक थेंब गळत न्हाई. आन् ही काय चिमूट हाय व्हय? निम्मा डबा रिकामा केलाय कुणीतरी. बारक्या नळ्या पार चोंदल्यात. पाणी फिरायचं कुठनं आन् निवायचं कसं?"

चिंतामणराव चष्मा काढून उपरण्याने पुसू लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

गेल्याच आठवड्यात क्षमा स्वयंपाकीण रंगूबाईंना बोलली होती. हळद इतकी कशी संपते, आमटीत किती घालता? रंगूबाई देवाची शपथ घेत होत्या. दोनदा परत आल्याच्या त्या संध्याकाळीही तिला आठवल्या. दमून आलेले मामंजी दोन्ही वेळा प्रसन्न होते. पिठलं कर म्हणाले, जेवताना मधुच्या लहानपणच्या खोड्या सांगत बसले. तेव्हा तिला ते सांत्वन वाटलं होतं.

ती आत गेली आणि धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून घेऊन आली.

सोड्याचं पाणी भरून अर्जुनाने इंजिन चालू ठेवलं. पुरेसं तापल्यावर बंद केलं, थोडं निवू दिलं आणि पुन्हा तोटी सोडली. या वेळी पाणी लालभडक आलं.

"आयायाय! रगात?"

"रक्त नाही अर्जुना. हळदीत सोडा पडला की ती लाल होते. कुंकू असंच करतात."

तिने हे वर्गात सांगावं तसं सांगितलं. अर्जुना काहीतरी गमतीचं बोलणार होता. तिच्या मोकळ्या कपाळाकडे त्याची नजर गेली आणि तो रबरी नळी शोधायला वळला. लाल पाणी फरशीच्या उतारावरून मोरीकडे वाहत राहिलं. तिघंही तिकडेच बघत होती, आणि कुणाला दुसऱ्याकडे बघायचं नव्हतं.

अर्जुनाने नळी रेडिएटरच्या खालच्या तोंडाला लावली आणि पाणी उलटं, खालून वर सोडलं. लाल गेलं, मग गुलाबी आलं, मग मळकट.

"पुरे आता," चिंतामणराव म्हणाले. "सांगलीपर्यंत जाईल एवढ्यावर."

"नाही मामंजी," क्षमा म्हणाली. "स्वच्छ पाणी येईपर्यंत."

ते आत गेले. पाणी निवळ येईपर्यंत ती उभी राहिली. मग तिने ओंजळीत धरून ते पाहिलं आणि नळ बंद केला.

रविवारी सकाळी दोघं निघाली. मागच्या सीटवर तिची ट्रंक होती, वळकटी होती. चिंतामणराव गाडी हाकत होते आणि रस्त्यापेक्षा जास्त वेळा समोरच्या तापमानाच्या तबकडीवरच्या काट्याकडे बघत होते. नागठाणे गेलं. काशीळ गेलं. उंब्रजला वेग कमी झाला. चहाच्या दुकानातला माणूस ओळखीने पाणी घेऊन पुढे आला, पण वाफ नव्हती. इंजिन एका लयीत चालत होतं. त्यांनी त्याला हात केला आणि गाडी पुढे काढली.

तिसऱ्या खेपेला ती दोघं प्रथमच उंब्रजच्या पुढे आली होती. दोन्हीकडे ऊस उभा होता. कऱ्हाडच्या अलीकडे एका चिंचेखाली चिंतामणरावांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. इंजिन चालूच होतं. त्यांचे दोन्ही हात चाकावरच राहिले.

"तापलंय वाटतं," ते समोर बघत म्हणाले.

क्षमाने काट्याकडे पाहिलं. तो जिथे असायला हवा, बरोबर तिथेच होता.

"हो मामंजी," ती म्हणाली, "फारच तापलंय. निवेपर्यंत बसू."