टाकीतला कचरा

आई जाऊन वर्ष होत आलं, तरी बाबा रोज सकाळी जुनी मोटरसायकल काढतात. म्हणतात, "तुझ्या आईला दवाखान्यातून आणायचंय." समजावून समजावून आम्ही टेकीला आलो. संध्याकाळनंतर गाडी मी वापरतो, पण रस्त्यात त्यांचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून ते उठायच्या आत मी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक गुपचूप बंद करतो. उभी हयात गॅरेजात घालवलेल्या माणसाला आता तो उघडायचंही सुचत नाही. टाकी उतरवून गंज खळखळून काढतात, नळीत फुंकर मारतात, गळक्या सांध्यावर साबण घासतात. संध्याकाळी हात पुसत म्हणतात, "कचरा आहे रे अजून. तिला सांग, उद्या येतो."

आज मी कॉक बंद करायला विसरलो. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. मी अनवाणीच धावलो. बाबा उघड्या फाटकाकडे बघत गाडीवर नुसते बसले होते.



मला पाहताच त्यांनी खाली वाकून स्वतःच कॉक बंद केला, इंजिन फुरफुरत थांबेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "कचरा आहे रे अजून."