लाल रिबीन

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून मोरिवलीच्या घरी आप्पा लेकीचा व्हिडिओ गेम खेळत बसले. पडद्यावरचं बदकाचं पिल्लू दिसायला गोजिरवाणं, पण पळायचं आणि उडीचं बटण एकदम दाबलं नाही की थेट खड्ड्यात. आप्पांची बारा पिल्लं मेली. विशाखाने हसत वेणीची लाल रिबीन सोडली आणि पळायचं बटण दाबलेलंच राहील असं करकचून बांधून टाकलं. "आता एक हात मोकळा!" पिल्लू सगळे खड्डे ओलांडून गेलं. "डोकं आहे पोरीला!" आप्पा खूष. शनिवारी शाळेत जाताना तिला रिबीन सापडेना. दुपारी कारखान्यातले काका दारात आले. "वहिनी, आप्पांचा हात पॉवरप्रेसखाली चिरडला." आईला पटेना. "दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही, म्हणायचे ना?" "एक बटण बांधलेलं होतं," म्हणत काकांनी मूठ उघडली. आत तेलकट लाल रिबीन होती.