पागोळ्या

“आजी, आता नाटकाआधी तुमची अंघोळ बंद!” नाटकघराचा व्यवस्थापक फिंटन हसत म्हणाला. जुन्या चर्चचं नाटकघर झाल्यापासून म्हातारी डेलिया प्रत्येक खेळाआधी भर पावसातही भिंतीलगत उभी राहायची, छपराच्या पागोळ्या खांद्यावर घेत. तिच्यासाठीच त्याने नवी पन्हळ बसवली होती. “तुला कुणी सांगितलं होतं रे मेल्या?” ती कडाडली. तो चपापला. तिचं पहिलं बाळ बाप्तिस्म्याचं पाणी माथ्यावर पडण्याआधीच गेलं होतं. अशांना दफनभूमीत जागा नाही, पाद्रीबाबांनी बजावलं होतं. मग नवऱ्याने ते गुपचूप याच भिंतीच्या पायाशी पुरलं. देवाच्या छपरावरून गळणारं पाणी तरी त्याच्या माथ्यावर पडेल म्हणून. आता ते पाणी नळीतून कोपऱ्यावरच्या पिंपात जात होतं. डेलियाने पिंपात हात बुडवले, ओंजळ भरली आणि तिकिटांच्या रांगेतून वाट काढत निघाली. भिंतीपाशी पोचली तेव्हा फक्त बोटं ओली होती.