आईचा सातवा सर्ग

रेडिओच्या स्टुडिओत लाल दिवा लागला. कवयित्रीनं हातातला कागद हलकेच पालथा ठेवला. माइकसमोर कागद वाजता कामा नये, ही इथली पहिली तंबी.

"ताई," समोरच्या निवेदिकेनं विचारलं, "आपल्या या जुन्या महाकाव्यातला तुमचा सगळ्यात जवळचा प्रसंग कोणता?"

प्रश्न आधीच ठरलेला होता. उत्तर मात्र सकाळपासून ठरत नव्हतं.

"सातवा सर्ग," ती म्हणाली. "राजपुत्र बापाशी भांडून घर सोडतो, तो."

इथवर ठीक होतं. अवघड होतं ते पुढचं. राजपुत्र नगराबाहेर पडतो आणि एकदाही मागे वळून पाहत नाही, हे शाळेचं तोंड पाहिलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. त्या न वळण्याच्या थोरवीवर विद्वानांनी पानंच्या पानं लिहून ठेवली होती.

पण तिच्या घरात तो वळायचा. आई शिवणाच्या मशीनवर पाय मारता मारता हे काव्य म्हणून दाखवायची. सातवा सर्ग आला की धाकटा भाऊ रडवेला व्हायचा. म्हणून आईनं पदरच्या दोन ओळी जोडल्या: राजपुत्र वळणावर थांबतो, मागे बघतो, आईच्या खिडकीतला दिवा डोळ्यांत भरून घेतो. एवढं ऐकलं की भाऊ चिंध्यांच्या ढिगावरच झोपी जायचा. पुढे परीक्षेत त्यानं तेच लिहिलं आणि भोपळा घेऊन घरी आला.

"तू खोटं म्हणतेस!" तो आईवर खेकसला.

"मी कशाला खोटं म्हणू? लिहिणाराच खोटं लिहून गेलाय. न वळता जाणारं पोर पाहिलंयस कुठे?"

आणि मग तोच गेला. वडिलांशी शब्दाला शब्द लागला, त्यानं पिशवी उचलली आणि फाटक ओलांडलं. आई उंबरठ्यावर उभी होती. "आत हो," वडील म्हणाले आणि त्यांनी दाराला कडी घातली. आता वडीलही नाहीत. भावाचा पत्ता नाही, फोन नाही. आईचं एकच पालुपद उरलं होतं, "माझं पोर, आणि वळलं नाही गं."

आज सकाळी निघताना कवयित्री पुन्हा पुन्हा लेकीचं कपाळ चाचपत होती. आई म्हणाली, "काही झालेलं नाही तिला, मी आहे. तू जा. आणि हे बघ, रेडिओवर माझं सांग. पुस्तकातलं नको."

"अगं, लोक हसतील. म्हणतील, बाईनं काव्य उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही."

"हसू देत. माझ्या त्या ओळी तुम्हा दोघांनाच ठाऊक आहेत. कुठे असेल तिथे त्याच्या कानावर तरी पडतील."

कवयित्रीनं माइककडे पाहिलं. आजवर कमावलेलं नाव एका वाक्यात जाणार होतं.

"राजपुत्र वळणावर थांबतो," ती म्हणाली, "आणि मागे बघतो. आईच्या खिडकीतला दिवा डोळ्यांत भरून घेतो."

निवेदिकेच्या भुवया वर गेल्या. काचेपलीकडच्या निर्मात्यानं कपाळाला हात लावला. कार्यक्रम थेट चालला होता; श्रोत्यांपैकी पहिला फोन लगेच आला.

"मी निवृत्त मास्तर बोलतोय. उभा जन्म हे काव्य शिकवण्यात गेला माझा. बाईंनी सातवा सर्ग रद्दीत वाचला काय? राजपुत्र वळत नाही! वळला असता तर काव्य तिथंच नसतं का संपलं?"

निवेदिकेनं सावरून घेतलं. "ताईंची जीभ अडखळली असेल. नाही का हो, ताई?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सुटका होती.

"नाही," कवयित्री म्हणाली. "तो वळतो."

दुसरा फोन यायला बराच वेळ लागला. आधी नुसता रस्त्याचा आवाज, गाड्यांचे हॉर्न. मग कुणीतरी घसा खाकरला.

"मास्तर म्हणतात ते बरोबर आहे. पुस्तकात तो वळत नाही."

"बघा," निवेदिका हसली, "म्हणजे तुम्हीसुद्धा मास्तरांच्याच बाजूचे."

"थांबा हो जरा. पुस्तकात नाही वळत. पण तो वळला होता. फाटकाच्या पुढं, वळणावर. तेव्हा दार लागलेलं होतं."

कवयित्रीनं कानावरचा हेडफोन घट्ट दाबून धरला. रेडिओवर शांतता म्हणजे महापाप. निवेदिका हातानं खुणा करत होती, बोला, बोला.

"ते दार," कवयित्री कशीबशी म्हणाली, "आता नुसतं लोटलेलं असतं. कडी नाही घालत कुणी."

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. "बरं, ताई," एवढंच ऐकू आलं आणि फोन कटला. नंबर नोंदवायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं.

दिवेलागणीला ती घराच्या गल्लीत शिरली. दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी होती. घरातले सगळे दिवे लागलेले, आणि आईनं शिवणाचं मशीन ओढत आणून थेट उंबरठ्याला लावलेलं. मशीनवर कापड नव्हतं. रेडिओ होता, तोही बंद.

लेक धावत आली आणि तिनं पाय खाजवत तक्रार केली, "आई, बघ ना, आजी दारच लावू देत नाही! सगळे डास आत आले. चावून चावून खाल्लं मला."

"चावू देत," फाटकापलीकडच्या वळणावरची नजर न हलवता आजी म्हणाली.