कुठलंच न वाटणारं

“तिसऱ्या मिनिटाला मागे कोणीतरी गुणगुणतंय ना सर, ते हवंय आम्हाला,” पडद्यावरची मुलगी म्हणाली.

तिसऱ्या मिनिटाला संगीतकाराची बासरी होती. मागे काय होतं, ते त्यालाच माहीत नव्हतं.

मुलगी गेम बनवणाऱ्या कंपनीतली. त्यांच्या गेममध्ये डोंगरात राहणारी एक जमात होती, जगात कुठेच नसलेली, आणि तिला एक अंगाई हवी होती. त्याने पाच पाठवल्या. वाळवंटातली, बेटावरची, बर्फातली आणि आणखी दोन. पाचही परत आल्या. “ऐकलं की पर्यटन कंपनीची जाहिरात डोळ्यांसमोर येते,” असं तिने अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. आजची सहावी, शेवटची. ही परत आली की काम दुसऱ्याकडे.

“फक्त ते कुठल्या लोकांचं आहे, एवढं चारपर्यंत सांगा. त्यांची परवानगी लागेल. मागे एकदा न विचारता एका जमातीचं गाणं वापरलं होतं, अजून माफ्या मागतोय आम्ही.”

पडदा काळा झाला. त्याने तिसरं मिनिट लावलं. बासरी थांबते. दाराची बेल वाजते. खुर्ची करकरते. माइक चालू ठेवूनच तो उठला होता आणि तसंच पाठवूनही दिलं होतं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग एका बाईचा आवाज, शब्द नसलेला. चार सूर खाली, एक वर, आणि वर गेल्यावर जरा टेकायचं.

तीन सुरांत मुलूख ओळखणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. निदान त्याच्या स्वतःच्या मनात तरी होती. त्याने ते सात वेळा ऐकलं. मुलूख सापडेना. आवाज मात्र पहिल्याच खेपेला सापडला होता.

आवाजाची मालकीण, त्याची बायको, मागेच उभी होती, दोरीवरचे कपडे काढत. स्टुडिओ म्हणजे घरातली मागची खोली. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या आवाज अडवायला, पण यंत्रांच्या उबेने इथे कपडे झकास वाळतात, हा शोध तिचा.

“अगं, हे कुठलं?”

तिने कान दिला. “अय्या, ही मी? एवढी भसाडी?”

“गाणं कुठलं ते विचारतोय. तुझ्या आईकडून आलंय का?”

“माझी आई? ती नुसती हाक मारायची तरी शेजारी दारं लावून घ्यायचे.”

“मग?”

तिने चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. “धरा. अहो, तुमचंच आहे ते. कपड्यांच्या पावडरीच्या जाहिरातीचं.”

“शक्यच नाही.”

तिने आपल्या बाजूने चादर झटकली आणि त्या ठेक्यावर भराभर म्हणून दाखवलं, “एक चमचा पुरे, डाग कुठे उरे! एक चमचा पुरे, डाग कुठे उरे!”

चादर त्याच्या हातून सुटली.

सत्तावीस वर्षं झाली असतील. पावडरवाल्या साहेबांनी मान डोलावत ऐकलं होतं आणि म्हणाले होते, “गोड आहे हो. पण कुठलंच वाटत नाही.” त्यानंतर त्याने कुठलंच न वाटणारं काही केलं नाही. वाळवंट म्हटलं की वाळवंट, बेट म्हटलं की बेट. ऐकणाऱ्याने डोळे मिटून नकाशावर बोट ठेवावं.

“आठवडाभर तेच घोकत होतात तुम्ही,” बायको चादर उचलत म्हणाली, “आणि इकडे पोरगी रडत होती. साहेबांनी नको म्हटल्यावर तुम्ही सोडलंत, माझ्या तोंडात राहिलं. पण त्या वेगात कुठलं मूल झोपतंय? उलट डोळे टक्क उघडायची. मग मी हळू केलं. आधी डाग गेला, मग चमचा गेला.”

“आणि वर गेल्यावर टेकतेस ते?”

“तिथे मी तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचे.” तिने पुन्हा टोकं त्याच्या हातात दिली. “आता लेकीचं ऐका एकदा. बाळाला म्हणते ती, त्याच्या शेवटी एक भलतंच वळण आहे. मला नाही येत ते. कुठून आणलं कोण जाणे.”

त्याने चादर खांद्यावर टाकून लेकीला फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला.

“बाबा, हळू बोल. आत्ताच झोपलाय.”

त्याने हळू आवाजात सगळं सांगितलं.

“ते जाहिरातीतलं आहे?” ती कुजबुजली. “मला वाटायचं, ते आधीपासूनच आहे.”

“घेऊ का मग?”

“घे की. मला काय विचारतोस?”

फोन ठेवून तो बायकोकडे वळला. “आणि तुझं काय?”

“माझं म्हणणं, आधी चादर.”

दोघांनी चादर ताणली, टोकाला टोक जुळवलं. चाराला पाच मिनिटं कमी असताना पडदा उजळला.

“सापडले का सर ते लोक?”

“सापडले.”

“मोठी जमात आहे?”

“चार जण.”

पडद्यावरची मुलगी लिहिता लिहिता थांबली. “चारच? बरं. आणि सगळ्यांची परवानगी आहे?”

“तिघांची आहे,” तो म्हणाला. “चौथा झोपलाय.”