रुपचंदची चढाई

नवलने रुपचंदची टाच हळूहळू मागे ढकलली. गुडघा वाकत गेला. रुपचंदच्या कपाळावर घाम आला, पण तो थांब म्हणाला नाही.

गुडघ्याचा सांधा बदलून तीन महिने झाले होते. तेव्हापासून नवल रोज सकाळी चाळीसगावच्या दुसऱ्या टोकाहून सायकलवर येई आणि त्याच्याकडून व्यायाम करून घेई. रुपचंदची बायको रत्ना नवऱ्यापुरताच चहा आणायची. नवलला त्यात वावगं वाटत नव्हतं.

अडतीस वर्षांपूर्वी भुसावळला रेल्वेच्या कबड्डी संघाची निवड चाचणी होती. शेवटची एकच जागा आणि तिच्यासाठी हे दोघं मित्र. रुपचंद चढाईला आला, नवलने वाकून त्याचा गुडघा धरला आणि रुपचंद किंचाळत खाली कोसळला. जागा नवलला मिळाली, नोकरीही. रुपचंद बाजार समितीत मुकादम झाला आणि जन्मभर लंगडला. ‘नवलने पाय मोडला’ हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नवल पुढे सहा वर्षं रेल्वेकडून खेळला, पण कुणाच्या पायाला हात म्हणून घातला नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं की चालावं, सायकल चालवावी, पोहावं; पळणं, उड्या आणि कबड्डी मात्र कायमची बंद. पडलात तर सांध्याजवळचं हाड मोडेल आणि पुन्हा उभं राहणं अवघड होईल.

त्या दिवशी व्यायाम झाल्यावर रुपचंदने शाळेच्या मैदानापर्यंत चालू या म्हटलं. मैदान रिकामं होतं. त्याने काठीने मातीत एक लांब रेघ ओढली आणि काठी बाजूला टाकली.

‘एकच चढाई शे, नवल. तू धर माले.’

नवलने साफ नकार दिला. डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली, रत्नाचं नाव काढलं, हातही जोडले.

‘अडतीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं का मी?’ रुपचंद म्हणाला.

नवल रेघेपलीकडे जाऊन उभा राहिला.

रुपचंद ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत आत आला. पावलं म्हाताऱ्याची, पण खांदे तेच, नजर तीच. नवल मागे सरकला. रुपचंद पुढे आला. नवल आणखी मागे गेला, तो थेट कुंपणाला टेकला. रुपचंदने नवा गुडघा बरोबर त्याच्या हातासमोर आणला. दम संपत आला होता, आवाज चिरकत होता, तरी तो हटेना. नवलचे हात छातीशीच राहिले.

मग रुपचंदने झटक्यात वळायला पाहिलं. चप्पल मातीवरून सरकली. तो एका अंगावर कलंडला.

नवलने स्वतःला खाली झोकून दिलं. रुपचंदचं सगळं वजन त्याच्या छातीवर आलं आणि दोघं मातीत पडले. धाप आवरण्याआधीच नवल गुडघा चाचपू लागला. कुठं दुखतंय, वाकतोय का, उभं राहवेल का, हेच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं, ते त्याला कळलंही नाही.

रुपचंदने पाय वाकवून दाखवला. धक्का लागला नव्हता. तरी नवलचे हात गुडघ्यावरून निघेनात.

‘मी नाही रे धरला या वेळी,’ नवल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

रुपचंदने त्या हातांकडे पाहिलं. आपण रोज या हातात पाय देतो, हे त्याला आता सहन होईना.

‘नवल, तो गुडघा चाचणीच्या आदल्या दिवशीच गेला होता,’ तो म्हणाला. ‘विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरलो होतो. हरून घरी कसा जाऊ, या विचारात चढाईला आलो. तू धरलंस, आणि मला ओरडायला निमित्त मिळालं.’